भुताटकीच्या तक्रारीचा तपास कसा करावा: सोलापूरच्या घरांसाठी कार्यपद्धती

घरात भुताटकी होत असल्याची तक्रार आली, तर तपास करणाऱ्याने पहिली भेट दिवसा द्यावी, वही, पेन आणि मोजपट्टी एवढेच बरोबर न्यावे आणि त्या भेटीत कोणतेही यंत्र बाहेर काढू नये. अंधारात कॅमेरे घेऊन फिरणारी मंडळी टीव्हीवर दिसतात, त्यामुळे हेच मुख्य काम आहे असा समज झाला आहे. वास्तविक रात्रीचा पहारा हा या कामाचा लहानसा भाग असतो आणि कित्येक प्रकरणांत त्याची गरजही पडत नाही. लंडनमध्ये १८८२ साली स्थापन झालेल्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च या संस्थेने अशा अनुभवांच्या साक्षी गोळा करून त्या तपासण्याची शिस्त घातली. ती शिस्त आजही उपयोगी आहे, कारण तपासाची खरी सामग्री म्हणजे माणसांनी सांगितलेली हकिकत. ज्या घरात आपण जातो, तेथे कोणीतरी रात्र रात्र जागत असते, हे पहिल्या क्षणापासून लक्षात ठेवावे.

घरातील प्रत्येक व्यक्तीशी स्वतंत्रपणे बोलावे. सर्वांना एकत्र बसवले, की घरातील वडीलधारी व्यक्ती बोलते आणि बाकीचे माना डोलावतात. दोन दिवसांनी त्या सर्वांच्या आठवणी एकसारख्या झालेल्या असतात. सोलापूरच्या पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडच्या कुटुंबांत कन्नड असते. अशा घरी आजीबाईंचे म्हणणे नातवाकडून भाषांतरित करून घेण्याऐवजी ती भाषा जाणणारा बाहेरचा माणूस बरोबर न्यावा. प्रश्न मोकळे ठेवावेत आणि ‘भूत’ हा शब्द आपण होऊन कधीही उच्चारू नये. नेमके काय दिसले, काय ऐकू आले, त्या वेळी आपण कोठे होता, झोपला होता की जागे, आणि मग आपल्याला काय वाटले, या क्रमाने विचारावे. अनुभव आणि त्याचा लावलेला अर्थ वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहावेत. ‘छतावर कोणीतरी चालत होते’ हा अर्थ झाला. ‘साडेअकराच्या सुमारास छतावर तीन-चार वेळा ठक असा आवाज आला’ हा अनुभव झाला. पुढचा सारा तपास या दुसऱ्या वाक्यावर चालतो.

त्यानंतर घर पाहावे, आणि येथे वेळ हात राखून देऊ नये. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो. दिवसभर तापून प्रसरण पावलेले पत्रे रात्री आकुंचन पावतात आणि खिळ्यांपाशी कडकड वाजतात. जुन्या माळवदाच्या घरांत तुळयांमधूनही असे आवाज येतात. शहरात नळाचे पाणी काही दिवसांआड येते, तेव्हा कोरड्या पडलेल्या नळांतील हवा पाण्याच्या दाबाने बाहेर ढकलली जाते आणि भिंतीतून शीळ, घुरघुर किंवा ठोके ऐकू येतात. हे आवाज रोज येत नसल्यामुळे आणि पाणी कधीकधी अवेळी सुटत असल्यामुळे घरच्यांना त्यांचा संबंध सहसा लागत नाही. शेजारी यंत्रमाग असेल, तर मांडणीवरची भांडी जागची हलू शकतात. लोहमार्गालगतच्या घरांत जड मालगाडीमुळे हेच घडते. पडक्या वाड्यांत आणि ओस गिरण्यांत राहणारे गव्हाणी घुबड माणसाच्या किंकाळीसारखे ओरडते, आणि पत्र्यावरून जाणाऱ्या उदमांजराची पावले अंधारात माणसाच्या चालीसारखी वाटतात.

यांपैकी कोणतेही कारण घरच्यांना लगेच ऐकवू नये. ते आधी पडताळावे. त्यासाठी कुटुंबाला एक वही द्यावी आणि निदान दोन आठवडे तारीख, घड्याळातील वेळ, खोली, घटना आणि ती अनुभवणारी व्यक्ती यांची नोंद ठेवण्यास सांगावे. त्याच काळात आपण स्वतः पाणी येण्याच्या वेळा, मागांच्या पाळ्या आणि साप्ताहिक सुट्टी, वीज गेल्याच्या वेळा आणि गाड्यांच्या वेळा टिपून ठेवाव्यात. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर, माग बंद असलेल्या दिवशी भांडी हलली की नाही, याचे उत्तर कागदावरच मिळते. माझ्या मते संपूर्ण कामातील सर्वांत फलदायी टप्पा हाच आहे. दुर्दैवाने चित्रीकरणासाठी आलेल्या मंडळींना तो कंटाळवाणा वाटतो.

जागेची दंतकथाही अशीच तपासावी. ‘येथे पूर्वी एका बाईने जीव दिला’ असे सांगितले जाते, तेव्हा ही गोष्ट प्रथम कोणी, कोणाला आणि केव्हा सांगितली हे विचारत मागे जावे. नगर भूमापन कार्यालयातील मालमत्ता पत्रकावर मिळकतीच्या धारकांची नावे आणि फेरफारांच्या तारखा असतात. कथेतील कुटुंबाचा त्या जागेशी कधी संबंध होता का, हे त्यावरून बऱ्याचदा कळते.

काही अनुभवांचे मूळ शरीरात असते. रात्री जाग आली, हातपाय हलेनात आणि छातीवर कोणीतरी बसले आहे असे वाटले, ही तक्रार फार ठिकाणी मिळते. स्वप्नावस्थेत मेंदू शरीराचे स्नायू शिथिल ठेवतो; जाग आधी आली आणि ही शिथिलता काही क्षण टिकून राहिली, तर स्वप्नातील आकृती खोलीत उभी दिसते. अपुऱ्या आणि अनियमित झोपेमुळे हा प्रकार वाढतो, म्हणून रात्रपाळी करणाऱ्या माणसाला त्याच्या झोपेच्या वेळा अवश्य विचाराव्यात. बंद खोलीत शेगडी, बंब किंवा जनरेटर चालत असेल, तर तो तत्काळ बंद करवावा. कार्बन मोनॉक्साइड या वायूला वास नसतो, त्याने डोके दुखते, भास होऊ शकतात आणि जीवही जातो. अमेरिकी नेत्रवैद्य विल्यम विल्मर यांनी १९२१ साली एका कुटुंबाची हकिकत प्रसिद्ध केली होती. त्या कुटुंबाला घरात पावले ऐकू येत आणि आकृत्या दिसत, आणि कारण निघाले ते बिघडलेल्या भट्टीतून घरात पसरणाऱ्या धुराचे. ब्रिटिश अभियंते विक टँडी यांना प्रयोगशाळेत राखाडी आकृती दिसल्याचा भास झाला, तेव्हा त्यांनी तेथील पंख्यामुळे निर्माण झालेल्या सुमारे १९ हर्ट्झच्या, कानाला ऐकू न येणाऱ्या कंपनाकडे बोट दाखवले आणि १९९८ साली त्यावर निबंध लिहिला. पुढील प्रयोगांत अशा ध्वनीचा तसा परिणाम ठामपणे दिसला नाही, त्यामुळे हे कारण सावधपणे मांडावे. परंतु जे दिसले त्याच्या उगमापर्यंत मोजमाप करीत जाण्याची त्यांची रीत मात्र जरूर घ्यावी.

यंत्रांविषयी थोडक्यात सांगतो. विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारा मीटर वायरी, फ्रिज आणि मोबाइल यांच्याजवळ हलणारच. भूत मोजण्यासाठी असे कोणतेही उपकरण प्रमाणित झालेले नाही. बंदुकीसारखा अवरक्त तापमापक समोरच्या पृष्ठभागाचे तापमान दाखवतो, हवेचे दाखवत नाही, म्हणून ‘खोलीच्या मध्यभागी गारवा’ त्याने सिद्ध होत नाही. फ्लॅश मारून काढलेल्या छायाचित्रांतील गोल ठिपके हे भिंगाजवळ तरंगणारे धुळीचे कण असतात, आणि सोलापुरात धुळीला तोटा नाही. ध्वनिमुद्रणातील खरखरीत शब्द शोधायचा असेल, तर काय ऐकू येणे अपेक्षित आहे हे न सांगता तो तुकडा तीन-चार जणांना वेगवेगळा ऐकवावा आणि प्रत्येकाकडून उत्तर लिहून घ्यावे.

नोंदवहीनंतरही काही प्रश्न उरले, तर रात्रीचा पहारा ठेवावा. प्रत्येक खोलीत दोघे असावेत, सर्वांची घड्याळे जुळवलेली असावीत, आणि खुर्ची करकरली किंवा खोकला आला, तर ‘हा माझा आवाज’ असे मोठ्याने बोलून तो मुद्रणात नोंदवावा. ज्या खोलीविषयी कोणतीही तक्रार नाही, तेथेही तितकाच वेळ बसावे, कारण तुलनेवाचून निरीक्षणाला किंमत नसते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी लंडनजवळचा हॅम्प्टन कोर्ट राजवाडा आणि एडिंबरोची भुयारे येथे असाच अभ्यास करून २००३ साली प्रसिद्ध केला. लोकांचे विचित्र अनुभव ठरावीक जागी एकवटलेले आढळले, आणि त्यांचा प्रकाश, खोलीचा आकार अशा भौतिक गोष्टींशी संबंध दिसला.

प्लँचेटची वाटी फिरते म्हणून बोलावणे आले, तर सहभागी व्यक्तींचे डोळे बांधावेत आणि त्यांच्या नकळत अक्षरांचा कागद फिरवून ठेवावा. उत्तरे निरर्थक होऊ लागतात. मायकल फॅरडे यांनी १८५३ सालीच प्रयोगाने दाखवले होते, की टेबल हलवतात ते बसलेल्यांचेच हात, आणि त्यांना स्वतःला त्याची जाणीव नसते.

सर्वांत अवघड आणि सर्वांत नाजूक तक्रार भानामतीची असते. घरावर दगड पडतात, वाळत घातलेले कपडे पेटतात किंवा फाटतात, जेवणात घाण सापडते, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. बिब्ब्याचे तेल लागल्यावर त्वचेवरची जखम काही तासांनी दिसते, त्यामुळे ती आपोआप उमटल्यासारखी वाटते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशी अनेक प्रकरणे हाताळली आहेत, आणि त्यांच्या अनुभवातून पुढे आलेली रीत प्रत्येकाने शिकण्यासारखी आहे. प्रत्येक घटनेच्या वेळी कोण कोठे होते याचा तक्ता करावा. मग बहुधा एकच व्यक्ती सर्व घटनांच्या जवळपास आढळते. ती व्यक्ती पुष्कळदा घरात जिचे कोणी ऐकत नाही अशी सून, मुलगी किंवा शाळकरी मूल असते, आणि आपला कोंडमारा सांगण्याचा दुसरा मार्ग तिला सापडलेला नसतो. तिच्याशी एकांतात, विश्वासाने बोलावे, हे थांबवण्याचे वचन घ्यावे आणि तिचे नाव घरच्यांना किंवा गल्लीला कधीही सांगू नये. नाव उघड झाल्यास तिला मारहाण होते, आणि ज्या त्रासापायी हे सुरू झाले तो दुप्पट होतो. मानसोपचाराची गरज दिसली, तर शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे न्यावे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेवर, विनामूल्य सल्ला मिळतो.

कायद्याची माहितीही जवळ असावी. दाभोलकरांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षे झगडून अखेर प्राण गमावले, त्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या बहाण्याने मारहाण करणे, साखळीने बांधणे किंवा मिरचीची धुरी देणे, तसेच एखादी व्यक्ती करणी करते असे जाहीर करणे, हे गुन्हे आहेत. त्यांना सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. असे काही चालू असल्याचे दिसले, तर तपास बाजूला ठेवून पोलीस ठाण्यात कळवावे. शेजारणीवर संशय असल्याचे कुटुंबाने सांगितले, तरी अहवालात तिचे नाव लिहू नये. बंद गिरण्या आणि पडके वाडे येथे मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. खचलेली छपरे, उघड्या विहिरी आणि साप हे तेथील खरे धोके आहेत.

अहवाल कुटुंबाला कळेल अशा भाषेत, दोन पानांत लिहावा. कोणत्या घटनेचे कारण सापडले, कोणत्या पुराव्यावर सापडले आणि कोणत्या घटनेचे सापडले नाही, हे स्पष्ट नोंदवावे. कारण सापडले नाही, याचा अर्थ तेवढाच असतो आणि तो तसाच लिहावा. भानामतीच्या प्रकरणात मात्र घटना थांबल्या आहेत एवढेच लिहावे आणि त्या कशा घडल्या हा भाग वगळावा, कारण पद्धत कळली की घरचे त्या व्यक्तीपर्यंत पोहोचतात. घराचा पत्ता किंवा चित्रण लेखी संमतीवाचून कोठेही प्रसिद्ध करू नये, कारण एकदा बोभाटा झालेल्या घराला भाडेकरू मिळत नाही आणि त्या घरातील मुलींच्या सोयरिकी अडतात. महिन्याभराने पुन्हा एकदा दिवसा जावे, मधल्या काळातील नोंदी वाचाव्यात, झोप कशी लागते ते प्रत्येकाला वेगवेगळे विचारावे, आणि नवी घटना आढळल्यास वहीचे कोरे पान काढून तिची हकिकत पहिल्यापासून लिहून घ्यावी.