एका ब्रॅकेटपासून विमानाच्या सांगाड्याच्या डिटेल डिझाइनकडे

बडोद्यात २८ ऑक्टोबर २०२४ रोजी सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांच्या जोडणीच्या कारखान्याचे उद्घाटन झाले आणि भारताने मागवलेल्या ५६ पैकी ४० विमाने येथे तयार व्हायची असल्यामुळे येथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये विमानाच्या सांगाड्याच्या डिटेल डिझाइनची, म्हणजे प्रत्येक सुट्या भागाची मापे ठरवण्याच्या कामाची, उत्सुकता वाढली आहे. अशा विद्यार्थ्याने पंख किंवा धड हाती न घेता काटकोनात वाकवलेले एक साधे ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट (दोन भाग जोडणारा आधार) घ्यावे आणि त्याचे प्रत्येक माप कोठून आले, हे स्वतःला सांगता येईपर्यंत ते सोडू नये.

प्रथम भार निश्चित करावा. सेवेत येणारा कमाल भार २,००० न्यूटन धरला, तर १.५ या सुरक्षा गुणकाने अंतिम भार ३,००० न्यूटन होतो; जोडणीची ताकद प्रत्यक्ष चाचणीने सिद्ध केलेली नसेल, तर १.१५ चा फिटिंग गुणक (जोडणीसाठीचा जादा सुरक्षा गुणक) लावून ३,४५० न्यूटन धरावे लागतात. रिव्हेटची (पत्रे जोडण्यासाठी ठोकायच्या धातूच्या खिळीची) संख्या यावरून ठरते, आणि हा भाग तुलनेने सोपा आहे.

खरी कसोटी ब्रॅकेटच्या ज्या बाजूत रिव्हेट बसतात त्या पट्टीच्या रुंदीत आहे. पत्रा १.६ मिमी जाडीचा, २०२४-टी३ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा आणि रिव्हेट ४ मिमी व्यासाचा आहे, असे समजा. रिव्हेटच्या केंद्रापासून कडेपर्यंतचे अंतर किमान व्यासाच्या दुप्पट, म्हणजे ८ मिमी असावे. भोक थोडे सरकले तरी अडचण येऊ नये म्हणून हे अंतर ९.५ मिमी ठेवावे. वाकाची आतली त्रिज्या ६ मिमी घेतली, तर पत्र्याची जाडी धरून वाक ७.६ मिमी जागा खातो, आणि रिव्हेटचे डोके वाकावर चढू नये म्हणून वाकाच्या टोकापासून रिव्हेटच्या केंद्रापर्यंत आणखी ५ मिमी ठेवावे लागतात. बेरीज २२.१ मिमी होते, म्हणून पट्टी २३ मिमीची घ्यावी. नवशिका बहुधा दिसायला नीटनेटकी वाटते म्हणून १५ मिमीची पट्टी काढतो आणि रिव्हेटला जागाच उरत नाही. शेजारच्या दोन रिव्हेटमधले अंतर साधारणपणे व्यासाच्या चौपटीहून कमी नसावे, म्हणजे येथे १६ मिमी. पत्रा लाटण्याच्या दिशेला आडवी अशी वाकाची रेषा ठेवावी, कारण समांतर ठेवल्यास वाकावर तडा जाण्याचा धोका वाढतो.

भोकांकडे विशेष लक्ष द्यावे. रुंद पत्र्यातील लहान गोल भोकाच्या कडेचा ताण दूरच्या ताणाच्या सुमारे तिप्पट होतो, त्यामुळे वारंवार भार आल्यावर थकव्याची भेग प्रायः तेथूनच सुरू होते. १९५४ मधील कॉमेट या ब्रिटिश प्रवासी जेट विमानांच्या अपघातांची चौकशी या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी, कारण त्यात भेगेचा उगम कापलेल्या भागाच्या कोपऱ्याजवळ आणि तेथील भोकांशी आढळला होता. म्हणून कोपरे गोल करावेत, भोकांच्या कडांवरचे बूर (छिद्र पाडताना उरलेले धातूचे खरखरीत टोक) काढावेत, आणि चपट्या डोक्याच्या रिव्हेटसाठी पत्र्यात पाडलेली खोलगट शंकूची जागा आरपार जाऊन भोकाला धारदार कड निर्माण करणार नाही, याची खात्री करावी. कार्बन फायबरला ॲल्युमिनियम थेट भिडत असेल, तर गंज टाळण्यासाठी मध्ये विद्युतरोधक थर द्यावा.

ड्रॉइंग पूर्ण झाल्यावर ते मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील पत्राकाम करणाऱ्या कारागिराला दाखवावे. रिव्हेट ठोकायला हत्यार कोठून घालायचे, हा त्याचा पहिला प्रश्न असेल, आणि त्याचे उत्तर देता आले नाही तर ब्रॅकेट पुन्हा काढावे.