बुजऱ्या घोड्याला धीर देताना

बुजणारा घोडा हट्टी नसतो आणि खोडकरही नसतो. हे आधी मनात पक्कं करा, मगच त्याच्या दोराला हात घाला.

आमच्या माथेरानात मोटारींना बंदी आहे, त्यामुळे खालून आणलेला घोडा इथं निवांत राहील असं नव्या मालकाला वाटतं. त्यानं एकदा दस्तुरी नाक्यावर, खालून येणाऱ्या मोटारी जिथं थांबतात तिथं, उभं राहून बघावं. पर्यटकांच्या चाकांच्या बॅगा पेव्हर ब्लॉकवर खडखडत येतात, पत्र्यावर माकडं धडाधड उड्या मारतात, पावसाळ्यात प्लास्टिकचे रेनकोट फडफडतात, छत्री कानाजवळ फटकन उघडते. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षा सुरू झाल्या, त्या तर आवाज न करता मागून येतात. त्यांच्यावरून गावात खूप वाद झाले. घोड्याला मात्र त्या रस्त्यावर चालायचंच आहे, तेव्हा त्याची तयारी करणं आपलं काम.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं, पण कपाळासमोर अगदी जवळचं आणि शेपटीच्या सरळ मागचं दिसत नाही. नीट न्याहाळायचं असेल तर तो मान वर-खाली करतो. नेमकं तेव्हाच आपण दोर आखडून धरतो, म्हणजे बघायची त्याची सोयच काढून घेतो. उन्हातून झाडीच्या गडद सावलीत शिरल्यावर त्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून असल्या वळणांवर चाल मंद ठेवा. पूर्वी शांत असणारा घोडा एकाएकी बुजायला लागला तर शिकवणी बाजूला ठेवून आधी पशुवैद्यांकडून त्याचे डोळे, दात आणि पाठ तपासून घ्या.

माझी चांदणी ही कुमेद, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची घोडी सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारातून आणलेली. तिला सगळ्यात धास्ती निळ्या ताडपत्रीची. पावसाळ्याच्या तोंडावर इथं घराघरावर ताडपत्री चढते, त्यामुळे सुरुवात तिथूनच केली.

जागा मोकळी हवी, पायाखाली घसरडं नको, आसपास पोरं-कुत्री नकोत. खोगीर चढवू नका. मोरकी, म्हणजे तोंडावर चढवायचा दोरीचा साज, आणि तीनेक मीटरचा मऊ दोर पुरे. दोर हाताला कधीही गुंडाळू नका. घोडा उधळला तर बोटं जातात. डोक्याला हेल्मेट आणि पायात बंद बूट घाला, आणि तोंडासमोर नव्हे, खांद्याशी उभे राहा. घोडा खुंटीला बांधून हे करायला जाऊ नका. पळायची वाट बंद झालेला घोडा शिकत नाही, तो स्वतःला इजा करून घेतो.

ताडपत्री लांब पसरा, कडांवर दगड ठेवा. आता घोड्याला तिच्याकडे चालवा आणि त्याचे कान बघा. ते टवकारले, मान ताठली, नाकपुड्या फुलल्या की तिथंच थांबा. ती त्याची हद्द. तिथून पुढं ओढायचं नाही आणि घाबरून पळूही द्यायचं नाही. उभा राहू द्या, बघू द्या. मान खाली आली, लांब श्वास सोडला, एक मागचा पाय सैल पडला की लगेच त्याला वळवून ताडपत्रीपासून दूर न्या. बक्षीस म्हणजे हे दूर जाणं. मग परत या, बहुतेक वेळा हद्द थोडी पुढं सरकलेली असते. आपण शांत राहिलो की ती वस्तू लांब जाते, हे त्याच्या ध्यानात आलं की अर्धं काम झालं.

खाण्याचं आमिष दाखवून जवळ नेऊ नका. चण्याच्या लोभानं तो मान लांबवतो, पाय मात्र पळायच्या तयारीत मागंच राहतात. तोंडात चणे गेले की त्याचं लक्ष वस्तूवर पडतं आणि तो दुप्पट दचकतो. त्यापेक्षा आयाळ संपते तिथं, मानेच्या बुडाशी, बोटांनी खाजवा. घोडे एकमेकांना तिथंच चावून खाजवतात आणि त्यानं त्यांच्या हृदयाची धडधड कमी होते. चाबूक नकोच. मार खाल्ला की वस्तूच्या भीतीत तुमची भीती मिसळते.

छत्रीसाठी मदतनीस लागतो. तो लांब उभा राहून छत्री हळूहळू उघडेल आणि घोडा स्थिर होताच मिटेल.

ई-रिक्षाचा क्रम सगळ्यात महत्त्वाचा. आधी उभी रिक्षा, तिच्याभोवती दोन्ही अंगांनी फेऱ्या. मग ओळखीच्या चालकाला सांगून ती हळू पुढं चालवा आणि घोड्याला तिच्या मागं न्या. हीच गोष्ट बहुतेक लोक उलटी करतात, रिक्षा घोड्यावर आणतात. आपल्यापुढून निघून जाणारी वस्तू घोड्याला भेडसावत नाही. थोड्या वेळानं तो आपणहून पावलं उचलतो. चांदणीचा धीर इथंच वाढला. त्यानंतर शेजारून, मग समोरून, आणि अगदी शेवटी मागून. जमलं तर पुढं एखादा मुरलेला जुना घोडा ठेवा, त्याची निश्चिंती नव्याला लागते.

डाव्या अंगानं बघितलेलं उजव्या अंगानं पुन्हा दाखवा. परतीच्या वाटेवर तीच वस्तू त्याला वेगळी दिसते. जागाही बदला, कारण अंगणातली ताडपत्री बाजारपेठेत नवीच ठरते. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरेत, आणि चांगलं जमलेलं असतानाच थांबा. पावसात, जोराच्या वाऱ्यात किंवा तुमचंच डोकं तापलेलं असताना सुरू करू नका.

दोरावर हे सगळं निवांत होऊ लागलं की खोगीर चढवा आणि आधी स्वतः बसा. पर्यटकाचं मूल त्याच्या पाठीवर बसवण्याआधी त्याच्या जवळून रेनकोट घालून एखाद्याला चालायला लावा, बॅग ओढायला लावा, मागून रिक्षा आणा. यातल्या एकालाही तो अंग चोरत असेल तर ते गिऱ्हाईक दुसऱ्या घोड्यावर द्या.