जुनी शिवराई साफ करताना

तांब्याच्या शिवराईवर, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या जुन्या नाण्यावर, चढलेला काळपट-तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. तो धातूचं रक्षण करतो आणि संग्राहक त्याचीच किंमत मोजतात. म्हणून चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. आम्लाने थर विरघळतो, नाणं गुलाबी-लाल उघडं पडतं आणि मूळचा रंग परत आणता येत नाही. घासणीने तर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही आधीच झिजलेली अक्षरं आणखी पुसट होतात.

फक्त माती काढायची. काचेच्या वाटीत डिस्टिल्ड वॉटर घ्या (बॅटरीत घालायचं चालेल, पण त्यात आम्ल नसल्याची खात्री करा) आणि नाणं बुडवून ठेवा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तांब्याला बाधतं. पाणी रोज बदला, आठवडाभर तरी धीर धरा. मऊ झालेली माती भिजवलेल्या बांबूच्या टूथपिकने, नाणं ओलं असतानाच, अक्षराच्या कडेकडेने उचला. टोक आडवं धरा, खुपसू नका. सुटत नसेल तर पुन्हा भिजवा.

तेलकटपणा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये पाच मिनिटं. खिडकी उघडी, गॅस बंद. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात इतर द्रव्यं असतात.

सुती कापडाने टिपा, पुसू नका. पूर्ण वाळल्यावरच पाकिटात ठेवा. पीव्हीसी या प्लास्टिकचं पाकीट मात्र टाळा.

फिकट हिरवी, भुकटीसारखी पुटकुळी दिसली तर तो क्लोराइडचा रोग, म्हणजे क्लोराइडमुळे धातू गंजत जाणं. ते नाणं लगेच वेगळं करून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत कोरडं ठेवा आणि जाणकाराला दाखवा.