गावच्या रेल्वेचा वारसा जपताय? मग या चुका टाळा

पुठ्ठ्याचं छोटं तिकीट होतं, बार्शीच्या छोट्या गाडीचं. एका आजींनी ते पोथीच्या पानांत वर्षानुवर्षं सांभाळलं होतं आणि आमच्या प्रदर्शनासाठी विश्वासानं हातात दिलं. खराब होऊ नये म्हणून आम्ही ते लॅमिनेट करून आणलं. मशीनच्या उष्णतेनं आणि दाबानं तारखेचा ठसा सपाट झाला. पुठ्ठा जाड असल्यामुळे कडेला प्लास्टिक धड चिकटलं नाही, पावसाळ्यात आत दमट हवा शिरली आणि तिकिटावर बुरशीचे ठिपके उमटले. आता प्लास्टिक सोडवायला गेलं तर छपाईचा थरही सोबत निघतो. पोथीत जे शाबूत राहिलं, ते आमच्याकडे एक पावसाळा टिकलं नाही.

बार्शी, शकुंतला (विदर्भातली यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर गाडी), पाचोरा–जामनेर, पुलगाव–आर्वी या आपल्याकडच्या नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांच्या, मार्गांवर कुठे रुंदीकरण झालं, कुठे गाडी थांबली. मागे जे उरलंय ते गावोगावच्या हौशी माणसांच्या हातात आहे. या कामात मी अनेक वर्षं आहे, आणि माझ्या पाहण्यात वस्तूंचं सर्वांत जास्त नुकसान आपल्यासारख्या प्रेमानं काम करणाऱ्यांकडूनच होतं. नोंद करायच्या आधी आपण वस्तूला हात घालतो. खालच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

कागद आणि फोटो "नीट" करणं

लॅमिनेशन, सेलोटेप, फेव्हिकॉल, स्टेपलर यांतलं काहीही जुन्या कागदाला लावू नका. सेलोटेपचा गोंद काही वर्षांनी पिवळा पडतो आणि कागदात मुरतो. बाजारातल्या मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी अल्बममध्ये फोटो ठेवले तर ते त्या प्लास्टिकलाच चिकटतात. आम्लरहित कागदाची पाकिटं मिळाली तर उत्तम, नाही तर पॉलिएस्टरची. फोटोच्या मागे बॉलपेननं लिहिलं की दाब पुढच्या बाजूला उमटतो, म्हणून मऊ पेन्सिलीनं अगदी कडेला लिहा. लॅमिनेट आधीच करून बसला असाल तर ते सोलू नका. आहे त्या अवस्थेत दोन्ही बाजू स्कॅन करा आणि कोरड्या जागी ठेवा.

स्कॅन किमान ६०० डीपीआयवर करा आणि तिकिटाची मागची बाजू विसरू नका. मागे कुणीतरी हिशेब मांडलेला असतो, नाव लिहिलेलं असतं. ग्रुपवर फोटो पाठवताना व्हॉट्सअॅप तो दाबून लहान करतं, त्यामुळे मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. अलीकडची थर्मल कागदाची तिकिटं तर मिळतील त्याच दिवशी स्कॅन करा, त्यांची छपाई आपोआप उडते.

"पहिली", "सर्वांत जुनी", "जागतिक वारसा"

फलक रंगवायला दिला की मग चूक सापडते, हा नेहमीचा अनुभव. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती देशातली पहिली प्रवासी गाडी. "पहिली रेल्वे" म्हणाल तर चूक होईल, कारण १८३७ साली मद्रासजवळ रेड हिल्सला दगड वाहणारी रेल्वे होती आणि १८५१ साली रुडकीजवळ सोलानी जलसेतूच्या कामावर इंजिन धावलं होतं. एका शब्दाचा फरक आहे, पण शाळेतली मुलं तोच फलक वहीत उतरवून घेतात.

"मिरज–लातूर रेल्वे १८९७ साली सुरू झाली" हे वाक्यही मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. १८९७ ला सुरू झाला तो बार्शी रोड ते बार्शी एवढाच तुकडा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं उभी केलेली ही रेल्वे पंढरपूरला पोचली १९०६ साली, लातूरला १९११ आणि मिरजेला १९२७ साली. त्यामुळे प्रत्येक गावानं आपल्या स्टेशनचं वर्ष वेगळं शोधावं. आणि शोधताना जुनी नावं माहीत हवीत. बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी. दौंड तुम्हाला "धोंड" म्हणून सापडेल, कल्याण "कॅलियन" म्हणून. आजच्या नावानं शोधलं आणि काही मिळालं नाही, म्हणजे कागद नाहीत असं समजू नका.

माथेरानच्या गाडीला "युनेस्कोचा जागतिक वारसा" म्हणण्याची घाई करू नका. ती संभाव्य यादीत आहे. भारतीय पर्वतीय रेल्वेच्या नोंदीत दार्जिलिंग (१९९९), निलगिरी (२००५) आणि कालका–शिमला (२००८) आहेत. १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या गाडीचं मोल त्यामुळे कमी होत नाही. शकुंतलेबद्दल "दरवर्षी इतके कोटी इंग्लंडला जातात" असा आकडा फिरत असतो. मूळ कागद हातात नसेल तर तो लिहू नका. दहा ठिकाणी तेच वाक्य दिसलं तरी बहुतेक वेळा नऊ जणांनी एकाचंच उतरवलेलं असतं.

गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा, घोळ वेगळाच. नॅरोगेज म्हटलं की सगळं एकच असं धरलं जातं. बार्शी आणि शकुंतला ७६२ मिलिमीटरच्या, माथेरान ६१० मिलिमीटरची. मोजताना टेप रुळांच्या आतल्या कडांमध्ये धरायचा. प्रदर्शनात ठेवलेल्या इंजिनाखाली रूळ नसेल तर लोक चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजतात आणि आकडा कमी येतो, कारण चाकाची कड रुळाच्या आत चालते. ब्रॉडगेजचा रूळ १,६७६ मिलिमीटरचा, पण चाकांमधलं आतलं अंतर १,६००. असा विचित्र आकडा आला तर नवा गेज सापडला असं समजू नका, चाकांऐवजी त्या मार्गाचा उरलेला रूळ मोजा.

"काका, आठवणी सांगा ना"

या प्रश्नाला निवृत्त रेल्वेवाला एकच उत्तर देतो: "काय सांगायचं, नोकरी केली." मग आपण म्हणतो, यांना फारसं आठवत नाही.

एका निवृत्त पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणाऱ्या) काकांकडे आम्ही दोनदा जाऊन असेच रिकाम्या हातानं परत आलो होतो. तिसऱ्या वेळी सोबत एक जुनी रॉकेलची हातबत्ती नेली. त्यांनी ती घेतली, नाकाशी धरून वास घेतला, आणि आमच्याकडे बघता बघताच अंगठ्यानं वरचा भाग फिरवला: पांढरा, लाल, हिरवा. नजर बत्तीकडे गेलीच नाही. मग म्हणाले, "हिची वात कुणी कापलीय? तिरकी कापलीय. काजळी धरणार." त्यानंतर दीड तास ते बोलत होते. वात कशी कापायची, पावसात काच कशी पुसायची, टोकनचा गोळा (पुढचा मार्ग मोकळा असल्याची खूण) ड्रायव्हरच्या हातात देताना दंडाला कसा हिसका बसायचा, हे सगळं त्यातून आलं.

तेव्हा मुलाखतीला जाताना वस्तू न्या, फोटो न्या, जुनं टाइमटेबल न्या. "तुमचा अनुभव कसा होता" असं विचारण्यापेक्षा "रात्री दोनची गाडी गेल्यावर तुम्ही कुठे बसायचा" असं विचारा. उत्तर आपल्याला हवं तिकडे वळवू नका. "तेव्हा किती छान होतं, नाही?" असं विचारलं की माणूस "हो" म्हणतो आणि अपघात, बारा-बारा तासांची ड्युटी, क्वार्टरमधलं गळकं छप्पर हे सगळं मागेच राहतं. शक्य असेल तर काकूंशीही बोला. बदली झाली की संसार गाडीत कसा भरला जायचा, स्टेशनवरच्या विहिरीचं पाणी कसं होतं, हे त्यांनाच माहीत असतं.

त्यांचे शब्द दुरुस्त करू नका, ही तर माझी कळकळीची विनंती आहे. आज शहरात "सिग्नल पडला" म्हणजे लाल दिवा लागला, थांबा. जुन्या रेल्वेवाल्याच्या तोंडी त्याचा अर्थ नेमका उलटा: आडवा हात खाली झुकला, रस्ता मोकळा, गाडी येतेय. शब्दांकन करणाऱ्या मुलीनं एकदा हे वाक्य "सिग्नल लाल झाला" असं "सुधारलं" आणि सगळ्या प्रसंगाचा अर्थ फिरला. मूळ रेकॉर्डिंग होतं म्हणून आम्हाला ते कळलं. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, जागा, नाव आणि "हे रेकॉर्ड करून जपायला माझी हरकत नाही" हे त्यांच्याच आवाजात घ्या, आणि त्याच रात्री दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवा.

इंजिनाला रंगाचा डबा

स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी स्टेशनबाहेरच्या जुन्या इंजिनाला काळा-लाल ऑइलपेंट फासण्याची मोहीम निघते. मन चांगलं असतं, पण त्या रंगाखाली इंजिनाची ओळख गाडली जाते. कारखान्याची पाटी निघून गेली असेल तर रॉडवर आणि हलत्या भागांवर ठोकलेले आकडे हाच पुरावा असतो. थरावर थर चढले की ते दिसेनासे होतात. रंग आधीच लागलाय? मग खरवडू नका. आकडे असण्याची शक्यता आहे तिथे पातळ कागद ठेवा आणि पेन्सिल आडवी घासा, बऱ्याचदा ठसा उमटतो. एक आकडा मिळाला म्हणून लगेच निष्कर्षही काढू नका. कारखान्यात एका इंजिनाचे रॉड दुसऱ्याला सर्रास लावले जात, म्हणून तीन-चार ठिकाणचे आकडे जुळवून बघा.

रंग खरवडण्यात जिवाचा धोकाही आहे. जुन्या रंगात शिसं असतं, कोरडा घासला तर त्याची धूळ श्वासातून आत जाते. बॉयलरच्या पत्र्याखाली पांढरट, तंतूंचं आवरण दिसलं तर ते अॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याला हात लावू नका, झाडू नका, शाळेच्या मुलांना त्या दिवशी तिथे आणू नका, आणि रेल्वेला लेखी कळवा.

खरा शत्रू पाणी आहे. धुराड्यातून पाऊस आत जातो, स्मोकबॉक्समधली (धुराड्याखालच्या पेटीतली) जुनी राख भिजते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून इंजिन चकचकीत दिसतं आणि एक दिवस तळाचा पत्रा हातात येतो. रेल्वेची परवानगी मिळाली की सगळ्यात आधी धुराड्यावर झाकण, राख साफ, तळाला पाण्याची वाट, आणि जमल्यास वर छप्पर करा. उघड्या रॉडला रंगाऐवजी ग्रीस लावा. रंगाचं त्यानंतर बघू.

रुळाकडेची "आठवण" घरी नेणं

बंद मार्गावरचा खिळा, फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी), सिग्नलची पाटी उचलून आणणं हा छंद नव्हे. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) अधिनियम, १९६६ नुसार तो गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यालाही पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि वस्तू कायदेशीर मार्गानं आली हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडे सापडली त्याच्यावर असते. "भंगारवाल्याकडून घेतलं" एवढं पुरत नाही. रेल्वेच्या लिलावातून, पावतीसह आलेली वस्तूच घ्या. ग्रुपमधल्या कुणाकडे अशी वस्तू असेल तर वकिलाला विचारून, लेखी पत्रासह परत करा. शिवाय पाटी जागेवरून हलली की ती कोणत्या स्टेशनची, कोणत्या बाजूची, हे काही वर्षांत कुणालाच सांगता येत नाही.

बंद मार्ग म्हणजे सुरक्षित मार्ग असंही नाही. पुलावरच्या फळ्या कुजलेल्या असतात. विजेच्या मार्गाजवळ २५,००० व्होल्टच्या तारेला हात लागायची गरज नसते, सेल्फी स्टिक जवळ गेली तरी पुरे. इंजिनावर किंवा डब्यावर चढून फोटो कुणीही, कधीही काढू नये.

वस्तू कुणाची, वही कुठे

गट बहुधा एका माणसाच्या जिवावर चालतो. त्याच्याच कपाटात सगळं असतं, आणि तो गेला की घरच्यांना ते रद्दीच वाटतं. पहिल्या महिन्यातच नोंदवही करा. प्रत्येक वस्तूला क्रमांक, कुणी दिली, कधी दिली, मिळाली तेव्हाची अवस्था, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कायमची दिली की ठेवायला दिली. हा शेवटचा रकाना नसल्यामुळे जुनी मैत्री तुटलेली मी पाहिली आहे. देणाऱ्याची सही घ्या, वहीची एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा.

अर्ज भलत्याच दारात

"हे जुनं स्टेशन वाचवा" असं निवेदन स्टेशन मास्तरांना देऊन वाट पाहू नका. इमारत ठेवायची की पाडायची हे त्यांच्या हातात नसतं. अर्ज विभागाच्या डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) कार्यालयात जायला हवा. विभागही नीट पाहा: कुर्डुवाडी सोलापूर विभागात येतं, मिरज पुणे विभागात, पाचोरा भुसावळ विभागात. नागपूरचं मोतीबागेतलं नॅरोगेज म्युझियम दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं आहे, त्याबद्दल मध्य रेल्वेला लिहून काही होत नाही.

निवेदनात भावना दोन ओळींत पुरे. बाकी इमारतीचा चारही बाजूंचा फोटो, बांधकामाच्या वर्षाचा पुरावा, नेमकं काय हवंय (पाडू नये, पाटी हलवू नये, की एक खोली प्रदर्शनाला मिळावी) आणि देखभाल कोण करणार, हे लिहा. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या आणि आवक क्रमांक नोंदवहीत लिहून ठेवा.