माउस बदलण्याआधी टेबल मोजा: गेमिंग करताना जागेच्या आणि हाताच्या या चुका टाळा

समोरचा प्लेअर दिसतो, क्रॉसहेअर (स्क्रीनच्या मधोमध असलेली नेमाची खूण) त्याच्याकडे निघतो आणि अर्ध्या वाटेत माउस कीबोर्डवर आपटतो. शूटर गेम खेळणाऱ्यांना हा 'टक्' आवाज चांगलाच ओळखीचा असतो. मग काय होतं? सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउस थोडा हलवला की नेम किती फिरतो ते प्रमाण, वाढवली जाते. त्याने नेम थरथरायला लागतो, म्हणून हलका, महागडा माउस येतो. तोही त्याच कीबोर्डवर आपटतो. माउसबद्दलच्या बऱ्याचशा तक्रारी मुळात टेबलाच्या आणि कोपराच्या असतात, असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे आधी टेप हातात घ्या.

जागा नजरेनेच मोजणं

गेममध्ये स्वतःभोवती पूर्ण 360 अंश फिरायला माउस किती सेंटिमीटर सरकवावा लागतो, हा आकडा आपल्याला पाठ हवा. व्हॅलोरंट या शूटर गेममध्ये 800 डीपीआय (माउस एक इंच सरकला की तो किती टप्पे मोजतो, तो आकडा) आणि 0.4 सेन्सिटिव्हिटी असेल, तर तो साधारण 41 सेंमी येतो. काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये 800 डीपीआय आणि 1 सेन्सिटिव्हिटीला साधारण 52 सेंमी. मागे वळायला, म्हणजे 180 अंशांना, याच्या निम्मे. स्वतःचा आकडा काढायचा तर माउसपॅडवर पट्टी आडवी ठेवा, सरावाच्या मॅपमध्ये भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर क्रॉसहेअर लावा आणि तीच खूण पुन्हा समोर येईपर्यंत माउस सरकवा. डेस्कटॉपवर पॉइंटर फिरवून हा अंदाज घेऊ नका. विंडोजमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' चालू असेल, तर हात जितका जोरात फिरेल तितका पॉइंटर जास्त पळतो, आणि मोजमाप फसतं.

आता टेबलाकडे या. समजा 90 सेंमी लांबीचा ऐसपैस पॅड आहे आणि त्याच्या बरोब्बर मधोमध 44 सेंमीचा पूर्ण कीबोर्ड ठेवलाय. उजवीकडे उरले 23 सेंमी. त्यात माउसची स्वतःची रुंदी सहाएक सेंमी. म्हणजे सरकायला उरले 17, आणि माउस मध्यावर असेल तर दोन्ही बाजूंना जेमतेम साडेआठ. वरच्या 41 सेंमीच्या हिशेबात साडेआठ सेंमी म्हणजे 75 अंश. मागून कोणी आलं, तर माउस उचलून परत ठेवल्याशिवाय त्याच्याकडे तोंडसुद्धा फिरवता येणार नाही! आणि पॅड मात्र 90 सेंमीचा.

त्याच पॅडवर नंबरपॅड नसलेला, साधारण 36 सेंमीचा कीबोर्ड डाव्या कडेला लावला, तर उजवीकडे 54 सेंमी मिळतात. माउसची रुंदी वजा करून दोन्ही बाजूंना 24. एका हालचालीत मागे वळता येतं आणि वर थोडी जागाही शिल्लक राहते. एक पैसाही खर्च न करता करायचं असेल, तर आहे तोच मोठा कीबोर्ड खेळताना डावीकडे सरकवा. इतका की नंबरपॅड जवळजवळ छातीसमोर येईल. टायपिंगला ते विचित्र वाटतं, पण खेळताना नंबरपॅड कोण वापरतं?

कीबोर्ड डावीकडे गेला की डावं मनगट मुडपायला लागतं, म्हणून तो थोडा तिरका करावा लागतो. इथे दिशा महत्त्वाची. उजवं टोक स्क्रीनकडे न्या. तसं केल्यावर कीबोर्डचा उजवीकडचा खालचा कोपरा पाच-सहा सेंमी स्क्रीनकडे सरकतो आणि माउसशेजारची जागा मोकळी होते. उजवं टोक आपल्याकडे ओढलं, तर तोच कोपरा माउसच्या वाटेत येऊन बसतो. (माउस डाव्या हाताने चालवणाऱ्या डावखुऱ्यांना नंबरपॅडचा हा जाच नाही. एरवी सगळी दुनिया उजव्यांसाठी बनलेली असते, तेवढाच त्यांना दिलासा.)

खांदा वर, कोपर अधांतरी

तासाभरात खांदा आणि मानेच्या मधला भाग भरून येत असेल, तर टेबल तुमच्यासाठी उंच आहे. लिहिण्यावाचण्याची टेबलं साधारण 73 ते 75 सेंमी उंच असतात, आणि पुष्कळ जणांना खुर्चीची उंची नेहमीसारखी ठेवली तर ती जास्तच होते. ताडून बघणं सोपं आहे. टेबलापासून थोडं मागे या, खांदे सैल सोडा, दंड अंगालगत ठेवून कोपर काटकोनात वाकवा. तळहात टेबलाच्या पातळीवर किंवा किंचित वर यायला हवा. खाली राहत असेल, तर माउस धरायला खांदा उचलावा लागतोय. खुर्ची वर घ्या, आणि पाय लोंबकळायला लागले तर खाली पाट किंवा एखादा पक्का खोका ठेवा. पाय टेकले नाहीत की माणूस नकळत पुढे घसरतो आणि सगळा भार हातावर येतो.

यात खरी खोडी काढतात त्या खुर्चीच्या हँडल्स. त्या टेबलाच्या कडेला अडतात, खुर्ची आत जात नाही, आणि मग माउस गाठायला हात लांब करून खेळलं जातं. हात लांब झाला की कोपर टेबलाबाहेर लटकतं आणि सगळी हालचाल मनगटावर येते. कमी सेन्सिटिव्हिटीवर खेळणाऱ्याला हे अजिबात परवडत नाही, कारण मनगटाची पोच थोडीच असते, मोठं वळण कोपर आणि खांद्यातूनच यायला हवं. हँडल टेबलाखाली जाईल इतकी खाली करा, नाहीतर टेबलाच्या बरोबरीला आणा. यातलं काहीच जमत नसेल, तर सरळ काढून टाका.

टेबलाची खोलीही बघा. 60 सेंमी खोल टेबलावर मॉनिटरच्या स्टँडचे पाय 20-25 सेंमी खातात, मग कीबोर्ड कडेला येतो आणि हात टेकायला जागाच राहत नाही. मॉनिटर टेबलाच्या कडेला आवळायच्या क्लॅम्पच्या आर्मवर चढवला, तर ती जागा परत मिळते.

मनगट टेकवून खेळणं

टेबलाची धारदार कड मनगटावर किंवा कोपराजवळ रुतत असेल, तर ते नुसतं बोचण्यापुरतं राहत नाही. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूने एक नस जाते, तिच्यावर दाब आला की अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात. कोपराच्या आतल्या बाजूने दुसरी नस जाते, कुठे आपटलं की झिणझिण्या येतात तीच. ती दाबली गेली की करंगळी आणि अनामिका बधिर होतात. कोणती बोटं बधिर होतात यावरून कुठे दाब पडतोय याचा अंदाज येतो. टेकवायचा असतो तो कोपर आणि मनगट यांच्या मधला मांसल भाग. पॅड टेबलाच्या कडेपर्यंत ओढून घ्या, म्हणजे कडेवर कापडाचा थर येतो. माउसपुढची जेलची उशी मला पटत नाही. मनगट एका जागी खिळतं, दाबही नेमका नको तिथेच पडतो, आणि हात आडवा सरकवायला ती आडवीच येते.

जागा आणि उंची नीट करूनही बधिरपणा जात नसेल, किंवा रात्री झोपेतून जाग येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. तिथे पट्टी आणि टेप कामाचे नाहीत.

माउस आडवा, क्रॉसहेअर तिरका

हा दोष सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही. भिंतीच्या वरच्या आडव्या कडेवर क्रॉसहेअर ठेवा आणि स्क्रीनकडे न बघता हात सहज डावीकडून उजवीकडे न्या. क्रॉसहेअर दर वेळी कडेच्या वर किंवा खाली जातो का? जात असेल, तर माउसचं तोंड हाताच्या रेषेत नाही, तो हातात तिरका धरला जातोय. बहुतेक वेळा मूळ पुन्हा जागेतच सापडतं: कीबोर्ड आडवा येतो म्हणून कोपर बाहेर जातं, आणि माउसचं नाक मात्र स्क्रीनकडेच ठेवण्यासाठी मनगट मुरडलं जातं. आधी कोपर अंगाजवळ आणा. तरीही फरक उरला, तर काही माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये सेन्सरचा कोन एक-दोन अंशांनी फिरवता येतो. 'अँगल स्नॅपिंग' मात्र बंदच ठेवा. ते तुमची रेघ जबरदस्तीने सरळ करतं आणि बारीक हालचाल गिळून टाकतं.

पॅडच्या एकाच भागात अडकतंय?

माउस सगळीकडे ठीक चालतो आणि एका कोपऱ्यात गेल्यावरच बिनसतो, तेव्हा सेन्सरला दोष देऊ नका. वायरवाला असेल, तर वायर मॉनिटरच्या पायाशी किंवा टेबलाच्या मागच्या कडेवर ताणली जातेय का बघा. तिला थोडी ढील देऊन मागे एका जागी चिकटपट्टी लावली की झालं. वायरलेस असेल, तर रिसीव्हर (माउसचा सिग्नल पकडणारा, पीसीत खोचायचा छोटा तुकडा) पीसीच्या मागे, एखाद्या यूएसबी 3.0 पोर्टमध्ये खोचलाय का ते तपासा. त्या पोर्टमधून 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ लहरींचा गोंगाट होतो आणि माउसही त्याच पट्ट्यात बोलतो. सोबत मिळालेली एक्स्टेंशन केबल लावून रिसीव्हर पॅडशेजारी, माउसपासून वीतभर अंतरावर आणा. ती केबल बहुतेकांच्या खोक्यात न उघडताच पडलेली असते.