‘दाओ’ आणि ‘लोगोस’ : एका शब्दावरून तुलना कशी करावी

‘चिनी आणि पाश्चात्त्य धर्मविचार’ असा विषय एम.ए.च्या प्रकल्पाला घेऊ नका, तो आवरत नाही. एक शब्द घ्या आणि दोन उतारे.

सुरुवातीला ‘दाओ’ घ्यावा. ‘दाओ द जिंग’ या लाओत्सेच्या नावावरच्या प्राचीन चिनी ग्रंथाची प्रकरणं 81, पण तुम्हाला पहिली ओळ पुरेल : ‘दाओ ख दाओ, फेइ छांग दाओ’. सहा चिनी अक्षरांत तीनदा दाओ! पहिला आणि तिसरा नाम, म्हणजे मार्ग. मधला क्रियापद, म्हणजे सांगणं. जो मार्ग सांगता येतो, तो नित्य मार्ग नव्हे. मराठीत आपण ‘मार्ग’ लिहिलं की त्यातलं सांगणं गळून पडतं.

दुसरा उतारा योहानाच्या शुभवर्तमानाची पहिली ओळ. ग्रीकमध्ये ‘लोगोस’, मराठी बायबलात ‘प्रारंभी शब्द होता’, आणि 1919 च्या चिनी भाषांतरात ‘थाइछू यौ दाओ’.

वही आडवी धरून चार रकाने आखा : मूळ शब्द, शब्दशः अर्थ, मराठीत काय लिहिलं, काय गळलं. निम्मं पान चौथ्या रकान्याला द्या, खरा अभ्यास तिथेच होतो. हात बसण्यासाठी आधी असोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या चार ओळी प्रमाण मराठीत उतरवा. ‘डोया’चा ‘डोळा’ केला की अर्थ तोच राहतो, पण आवाज बदलतो आणि कधी यमकही तुटतं. खानदेशातल्या मुलांच्या कानाला हे लगेच कळतं. तोच कान चिनी ओळीला लावायचा.

चूक बहुधा इथे होते : दोन्हीकडे ‘दाओ’ दिसला की ‘दोघे एकच सांगतात’ असं लिहून मोकळं होणं. योहानाचा लोगोस चौदाव्या वचनात देह धारण करतो. लाओत्सेच्या नावावरच्या ग्रंथातला दाओ तसं काही करत नाही. 25 व्या प्रकरणात तर ‘त्याचं नाव मला ठाऊक नाही, म्हणून दाओ म्हणतो’ असं येतं. म्हणून आधी फरक लिहा, साम्य नंतर.

प्रत्येक उताऱ्याशेजारी काळ टाका. चीनमध्ये ग्वोदियनला 1993 मध्ये सापडलेल्या बांबूच्या पट्ट्यांवरचा ‘दाओ द जिंग’चा मजकूर इ.स.पूर्व 300 च्या सुमाराचा (त्यात 25 वं प्रकरण आहे, पहिलं नाही), योहानाचा इ.स. पहिल्या शतकाच्या अखेरचा. तेव्हा ‘दाओ’ बायबलात आला तो भाषांतरकारांच्या निवडीने. त्यावरून प्राचीन काळातल्या प्रभावाचा निष्कर्ष काढू नका.

1919 च्या भाषांतराची कोणती प्रत वापरली तेही नोंदवा. एकीत देवासाठी ‘शेन’ आहे, दुसरीत ‘शांगदी’, आणि हा फरक योहानाच्या पहिल्याच वचनात दिसतो.