जिवाणूच्या गुणसूत्रात डीएनएची प्रत कुठून सुरू होते, ते असं शोधा

सुरुवातीची जागा डीएनएची प्रत बनवणारं विकर, पॉलिमरेज, निवडत नाही. त्याला कोऱ्या धाग्यावर पहिलं अक्षर (ए, टी, जी, सी यांपैकी एक) ठेवताच येत नाही. डीएनए-ए नावाचं प्रथिन आधी नऊ अक्षरी खुणांवर बसतं आणि शेजारचा ए-टी जास्त असलेला पट्टा उसवतं. तिथे धागे उलगडणारं हेलिकेज चढतं, प्रायमेज हे विकर आरएनएचा छोटा तुकडा घालतं आणि त्याच्या टोकापासून पॉलिमरेजचं काम सुरू होतं. म्हणून शोधायच्या त्या डीएनए-एच्या खुणा.

सरावाला ई. कोलाय या जिवाणूचा के-१२ हा प्रकार घ्या. वर्तुळाकार गुणसूत्र, ४६.४ लाख अक्षरं. एनसीबीआय या जनुकीय माहितीच्या संग्रहावरून फास्टा फाइल (अक्षरांचा क्रम साध्या मजकुरात) उतरवा. वरची शीर्षकाची ओळ काढा, नाहीतर तिच्यातले जी-सीही मोजले जातात.

शून्यापासून सुरू करा. जी आला की एक मिळवा, सी आला की एक वजा करा, ए-टी सोडून द्या, आणि प्रत्येक अक्षरानंतरची बेरीज आलेखावर मांडा. सी-ए-टी-जी-जी-सी असेल तर −१, −१, −१, ०, १, ०. सलग बनणाऱ्या धाग्यात जी जास्त असतो, त्यामुळे आलेख उगमापर्यंत, म्हणजे प्रत सुरू होते त्या जागेपर्यंत, उतरतो आणि तिथून चढतो. के-१२मध्ये हा तळ ३९.२ लाखाव्या अक्षराच्या आसपास सापडतो.

तळाच्या दोन्ही बाजूंची हजारेक अक्षरं घेऊन त्यात टीटीएटी-कोणतंही एक-सीएसीए शोधा. उलट धाग्यावरची टीजीटीजी-कोणतंही एक-एटीएए विसरलात तर निम्म्या खुणा हुकतील. नुसती ही खूण पुरावा नव्हे: एवढ्या मोठ्या गुणसूत्रात ती निव्वळ योगायोगानेही १४० वेळा यावी. अडीचशे अक्षरांत तीन-चार सापडल्या आणि लगत ए-टीचा पट्टा असला, तरच जागा पक्की धरा. के-१२मध्ये त्या पट्ट्यात तेरा अक्षरांचा तुकडा तीनदा येतो.

आलेखाला दोन-तीन तळ दिसले तर आधी असेंब्लीवर, म्हणजे तुकडे जोडून क्रम बनवण्यावर, संशय घ्या. बहुधा एखादा तुकडा उलटा जोडलेला असतो. तळ फाइलच्या अगदी टोकाला आला तर फाइल मधूनच सुरू करून पुन्हा मोजा, वर्तुळाला टोक कसलं? कॉलऱ्याच्या जिवाणूच्या दुसऱ्या गुणसूत्रावर मात्र या खुणांच्या भरवशावर राहू नका, तिथे आरसीटी-बी हे वेगळं प्रथिन काम करतं. माणसाच्या डीएनएत तर अशी ठरलेली अक्षरंच नाहीत.

प्रयोगशाळेत पडताळायचं असेल तर भराभर वाढणाऱ्या कल्चरचं (वाढवलेल्या जिवाणूंचं) सिक्वेन्सिंग करा, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचून घ्या. उगमाजवळच्या प्रती जास्त असल्यामुळे रीड्सचा, म्हणजे वाचलेल्या तुकड्यांच्या संख्येचा, आलेख तिथे उंचावतो. वाढ थांबलेलं कल्चर घेतलं तर तो जवळजवळ सपाटच येईल.